चौदा नंबरच्या झाडाचा आकडा

१९ मे

ती. काका,

आणि काकू, तुलाही. चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाही असं म्हणून काका हे पत्र तुझ्याच हातात देणार आणि तूच ते मोठ्याने वाचून दाखवणार, तेव्हा नमस्कार एकदमच दोघांना.

मी बरी आहे. शहरात उकाड्याने जीव नकोसा झालाय. खोलीतला पंखा गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे ढकलतो, एवढंच काम करतो. खिडकीतली कुंडी मेली. जंगलांची तब्येत तपासणारी बाई आणि हिला एक कुंडी जगवता येत नाही, असं काका म्हणणारच आहेत, म्हणून मीच आधी म्हणून टाकते.

फोन सोडून पत्र कशाला, असं काकू तुला वाटेल. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. काका दहा मिनिटं हवेबद्दल बोलतात, तू मागून "तिला म्हणावं, वेळेवर जेवत जा" असं ओरडतेस, मी "हो हो" म्हणते आणि संपलं. मला जे सांगायचंय त्याला सलग जागा हवी, आणि मध्ये कुणी तोडायला नको.

गेल्या आठवड्यात आम्ही तुमचा प्लॉट, म्हणजे तुम्ही दोघं दर वर्षी ज्या चोवीस झाडांचे आकडे पाठवता ती झाडं, तपासायला आलो तेव्हा तुम्ही दोघांनी फार केलंत. माझा कामातला जोडीदार मौनी अजून काकूच्या चहाबद्दल बोलतो. म्हणजे त्याच्या मानाने बोलतो. "बरा होता," असं काल म्हणाला. वर्षभर आम्ही एका गाडीतून हिंडतोय आणि त्याने आपणहून एखाद्या गोष्टीबद्दल मत दिल्याचं मला आठवत नाही.

डोंगरावर येताना गाडीत मी त्याला तुमची शिकवण ऐकवत होते, काका. ऑफिसात आम्हाला प्रशिक्षण देतात, पडद्यावर झाडांची चित्रं दाखवतात, पण मला हे काम आलं ते शाळेच्या सुट्ट्यांत तुमच्या मागे भटकून. झाडाच्या उंचीएवढं लांब उभं राहायचं. खोडाकडे बघायचं नाही, खोड सगळ्यांचं धडधाकट दिसतं. माथ्याकडे बघायचं, आणि तिथेही पानं मोजायची नाहीत, पानांमधून दिसणारं आभाळ मोजायचं. झाड अगदी निरोगी असतं तर जेवढं भरलेलं दिसलं असतं, त्यातलं शंभरात किती गेलं? पाच-पाचच्या पायरीने आकडा धरायचा. जोडीदाराने दुसऱ्या बाजूला उभं राहायचं, आपापला आकडा मनात ठेवायचा, थोरल्या माणसाने "हं" म्हटलं की दोघांनी एकदम बोलायचा. आधी नाही, मागून नाही. मी लबाडी करायचे, तुमचा ऐकून मग माझा बोलायचे, तेव्हा तुम्ही मला तिथेच माझा मलाच कान धरायला लावून उभं केलं होतंत. "तुला जे दिसलं ते बोल. मला काय दिसलं ते मला माहीत आहे," असं म्हणाला होतात.

मौनी सगळं ऐकून म्हणाला, "बरोबर."

तर अहवाल. तो मी अजून पाठवलेला नाही. चिठ्ठ्यांमध्ये तुमचा प्लॉट निघाला तेव्हाच मी आमच्या प्रमुख बाईंना सांगितलं होतं, की हे माझे सख्खे काका-काकू, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्या हसल्या. "त्यांच्याकडे काय सापडणार? आम्ही सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलो. तूच जा." महिनाअखेरीपर्यंत द्यायचाय. बाकी सगळं भरून झालंय, एका ओळीपाशी घोडं अडलंय. 'दोन्ही निरीक्षकांनी स्वतंत्रपणे पाहिले का?' पुढे हो किंवा नाही. हो लिहायला माझा हात उठत नाही. आणि नाही लिहिलं तर काकांची निरीक्षक म्हणून मान्यता जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

का उठत नाही ते सांगते. पण आधी दुसरी बातमी.

तुमच्याकडून आणलेली पानं बाईंनी भिंगाखाली पाहिली. उन्हाकडच्या पानांवर शिरांच्या मधल्या जागेत ते बारीक तपकिरी ठिपके आहेत, सावलीतल्या पानांवर काही नाही. म्हणजे ओझोनच. शहराचा धूर शहरातच राहतो असं लोकांना वाटतं. तो उन्हात शिजून त्याचा पानं जाळणारा ओझोन होतो, वाऱ्याबरोबर तुमच्या डोंगरावर येतो आणि इथल्या चौकापेक्षा तिथे जास्त भरतो, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी लोक मला वेड्यात काढतात. त्यात हे ओळीने आलेले कोरडे उन्हाळे.

असं असून पुढच्या वर्षी तुमच्या प्लॉटवरच्या ओझोन मोजायच्या नळ्या काढून दुसरीकडे लावायचं घाटतंय. कारण बाकी बहुतेक प्लॉटवर सगळ्यात जुनी, उंच झाडं आधी वाळायला लागली आहेत, वरून, शेंड्याकडून. तुमच्याकडचं सगळ्यात जुनं झाड मात्र ठणठणीत आहे, असं आकडे सांगतात. बाईंचं म्हणणं, तिथल्या हवेचं बरं चाललेलं दिसतंय, नळ्या थोड्याच आहेत, जिथे गरज आहे तिथे न्याव्यात.

हे मी दोनदा लिहून खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलंय. काकू, थांबू नकोस, वाच पुढे.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तुमची काही चूक सापडली म्हणून नाही. काहीच सापडेना, म्हणून. मी आणि मौनी रोज एकत्र काम करतो, तरी एका प्लॉटच्या चोवीस झाडांत सात-आठांवर आमचं जमत नाही. मी उन्हाकडून बघते, तो सावलीकडून. पाचाचा फरक पडतो, कधी दहाचा, मग जागा बदलून पुन्हा बघतो आणि भांडतो. म्हणजे मी भांडते, तो मान हलवतो. तुम्हा दोघांत मात्र गेल्या दोन उन्हाळ्यांत एकदाही फरक पडलेला नाही. घरातल्या रेडिओचा आवाज किती ठेवायचा यावर ज्या माणसांचं लग्नापासून जमलेलं नाही, त्यांचं झाडांवर मात्र दर वेळी जमतं?

म्हणून मी म्हटलं, आमचं झालं, आता तुमचं बघू दे. आणि मागे त्या कापलेल्या बुंध्यावर बसून राहिले. काका, तुम्ही दुर्बीण डोळ्यांना लावली होती. तिच्या पुढच्या काचांवरची झाकणं तशीच होती. मी थट्टा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात काकूची पेन्सिल पॅडवर वाजली. टक, टक, टक, टक. तुम्ही "हं" म्हणालात, आणि दोघं एकदम, "वीस." पुढच्या झाडाला पाच ठोके, "हं", "पंचवीस." काकू, मला आधी वाटलं तुझी सवय असेल, शाळेत चित्रकला शिकवायचीस तेव्हाही तू पेन्सिल वाजवायचीस. चौथ्या झाडाला मी डोळे मिटून घेतले आणि नुसते ठोके मोजले. आकडा मलाही बरोबर आला.

मग खाली उतरताना एकेक दिसत गेलं. काका नेहमी वाटेवर पुढे असायचे, आता काकूच्या खांद्यावर हात, "तिचा तोल जातो म्हणून". माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघत होतात. मला वाटलं, केस कापलेत ते आवडले नाहीत.

मी रागावलेले नाही. खोटं कशाला, दुसऱ्या दिवशी रागावले होते, ऑफिसात दोघांवर उगाच खेकसले. आता नुसतं वाईट वाटतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात का, काय म्हणाले, यातलं एक अक्षर मला कळवलं नाहीत. का लपवलंत ते मात्र मला समजतं. बाबांची नोकरी संपली आणि ते खुर्चीत जाऊन बसले, मग त्या खुर्चीतून उठलेच नाहीत, ते आपण तिघांनी जवळून पाहिलंय. काकूला ते पुन्हा बघायचं नव्हतं.

आणि काकूचे आकडे चांगले आहेत, हे तपासनीस म्हणून सांगते, पुतणी म्हणून नाही. तेवीस झाडांवर ते आमच्याशी पाचाच्या आत जुळतात.

राहिलं एक.

काकू, इथून पुढचं आधी मनात वाच. मग मोठ्याने वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी जबरदस्ती करणार नाही.

चौदा नंबरला तू सहा ठोके मारलेस. दोघं "तीस" म्हणालात. मागच्या वर्षीही तीस, त्याच्या आदल्या वर्षीही तीस. काका ज्याला 'आजोबा' म्हणतात, ज्याच्याशी येता-जाता दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नाही, ते झाड. काकू, तुझ्यासारखी तयार नजर आमच्या अख्ख्या ऑफिसात नाही. तुला तिथे काय दिसलं ते मला माहीत आहे, कारण ते मलाही दिसलं आणि मौनीलाही. शेंड्याच्या काटक्या उघड्या पडल्यात. तुला ते काकांना सांगवलं नाही, एवढंच.

चोवीसांच्या सरासरीत एका झाडाने काय बिघडतं, असं मीही स्वतःला समजावून पाहिलं. फार बिघडत नाही. पण नळ्या त्याच एका आकड्यापायी निघणार आहेत. आणि काका त्याच्याखाली उभे राहून "काय आजोबा, मजेत ना?" म्हणत होते, ते मला बघवलं नाही.

आमचा आकडा मी इथे लिहीत नाही, मुद्दामच. तू काकांना घेऊन वर जा, नेहमीच्या जागी उभी राहा, आणि तुला दिसेल ते मोठ्याने सांग. मग मला कळव. तुला जे दिसलं ते बोल, मला काय दिसलं ते मला माहीत आहे.

त्या ओळीपुढे 'नाही' मीच लिहिणार आहे. ते दुसऱ्या कुणी लिहावं असं मला वाटत नाही. पण तुमच्या पाठीमागे लिहायचं नव्हतं, म्हणून आधी हे पत्र.

स्वतःचा कान धरून उभी असलेली,
टकळी


२४ मे

चि. टकळी,

आशीर्वाद. अक्षर काकूचं, तोंड माझं. (आणि मधे मधे मीही बोलणार आहे. काकू.)

तुझं पत्र हिने दुपारी वाचायला घेतलं. छान चाललं होतं. कुंडीला मी हसलो. पेन्सिलीपाशी हिचा आवाज बारीक झाला, आणि 'राहिलं एक' म्हणून ही गप्पच झाली. मी विचारलं, "संपलं?" म्हणाली, "हो." मी म्हटलं, "अगं, टकळीचं पत्र असं संपत नाही. सही कुठाय?" (मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले. मग परत येऊन सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही.)

झाकणांचं खरं आहे का गं? दोन वर्षं मी झाकणं लावून बघतोय आणि ही बोलली नाही! (काढून काय दिसणार होतं?)

डॉक्टरकडे गेलो होतो, दोन वर्षं होऊन गेली. नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचा शाबूत आहे. गेलेला परत यायचा नाही. म्हणजे ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही, त्याच्या शेजारचं दिसतं. तुझ्या कानाकडे बघत होतो ते तुझं तोंड दिसावं म्हणून. केस मात्र फारच बारीक कापलेस.

आता मुद्द्याचं. आजोबांचं मला माहीत होतं.

हिने पेन खाली ठेवलं. परत सांगतो, लिही: मला माहीत होतं. डोळे गेले तरी टक्कल शाबूत आहे ना. पूर्वी भर दुपारी त्या झाडाखाली टोपी काढून उभं राहिलं की गार वाटायचं. मागच्या वर्षी टाळू तापली, यंदा भाजली. ऐन उन्हाळ्यात पायाखाली पानं कुरकुरायला लागली. आणि हिचे ठोके. बाकी झाडांना सरळ पडतात. चौदाला सहावा ठोका अडखळत यायचा, आणि त्याच्यानंतर ही बराच वेळ पेन्सिल उचलून धरायची. मी थांबायचो. वाटायचं, आता मारेल सातवा. मारायची नाही. मग मी "हं" म्हणायचो आणि तीस बोलून मोकळा व्हायचो. मला कळू नये म्हणून ही एवढा जीव टाकतेय, तर कळलं असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

(दोन वर्षं मी ह्यांच्याशी खोटं बोलले आणि हे माझ्याशी. एवढा राग आला होता की रात्री जेवणात मीठ घालायचं राहिलं. ह्यांनी तेही मुकाट्याने खाल्लं, तेव्हा तर आणखीच आला. काकू.)

काल सकाळी वर गेलो. पेन्सिल हिने घरीच ठेवली. ही आपल्या जागी जाऊन उभी राहिली, मी खोडाला टेकून. मी "हं" म्हटलं. आणि ही म्हणाली, "सत्तर." शाळेतल्या मागच्या बाकापर्यंत ऐकू जावं, एवढ्या मोठ्याने.

मी आकडा बोललो नाही. मला दिसलं नव्हतं, तर बोलणार काय? (मग आम्ही तिथेच बसलो. ह्यांचा हात खोडावर होता. मला रडू आलं. ह्यांना उतरताना आलं, अर्ध्या वाटेवर, त्या वळणापाशी. मी दुसरीकडे बघितलं.)

तेव्हा आमचा आकडा एकच आहे, एका माणसाचा. 'नाही' लिही, आणि अक्षर नीट काढ. मान्यता जाईल ती जाऊ दे. वाईट वाटतंय, नाही कशाला म्हणू? इतकी वर्षं त्या कामाने मला ओळखत होते सगळे. पण नळ्या काढू देऊ नकोस. त्यासाठी बाईंशी भांड, भांडायचं तुला शिकवावं लागलेलं नाही. आणि मी खुर्चीत बसणार नाही. पडलेल्या पानांच्या जाळ्या रिकाम्या करायला, पावसाच्या पाण्याचे डबे खाली आणायला नजरेचा मधला भाग लागत नाही.

एकच घोर लागलाय. हिच्या समोरच्या बाजूला आता कोण उभं राहणार?

तुझे,
काका

(तुझा आकडा कळव गं. सत्तर जास्त तर नाही ना झाले? मला झोप नाही. काकू.)


३१ मे

ती. काका आणि काकू,

अहवाल आज गेला. 'नाही' लिहिलं, अक्षर नीट काढून. चौदा नंबरच्या मागच्या आकड्यांखाली रेघ मारली आणि कारण लिहिलं. बाईंनी उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्ची ओढून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रागावतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "मलाही कान धरायला लावला होता त्यांनी, आठवतं मला." भांडावं लागलं नाही, त्यामुळे जरा चुकल्यासारखंच वाटलं. नळ्या राहणार, वरच्या अंगाला आणखी दोन लावणार.

काका, मान्यता काढून घेतल्याचा कागद तुम्हाला पोस्टाने येईल. मला तो स्वतः आणून द्यायचा होता, पण तेवढं धैर्य झालं नाही. काकूने वाचून दाखवला की मग त्याचं काय करायचं ते करा. मी इकडे ऑफिसच्या जिन्यात थोडा वेळ बसून आले.

तपासणी पथकातून मी माझं नाव काढून घेतलंय. जो प्लॉट आपण बघायचा तोच आपण तपासायचा, हे चालत नाही. मौनीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पुढच्या वर्षी तुमचा प्लॉट तपासायला मीच येणार. नातं-बितं बघणार नाही." आणि वर म्हणाला, "चहा घेईन." एवढं बोलून दमला असावा, दिवसभर मग गप्प होता.

पुढच्या वर्षी उन्हाळा लागला की येते. मागच्या खोलीतल्या पेट्या तेवढ्या हलवून ठेवा. काकू उन्हाच्या बाजूला, मी सावलीच्या. आणि "हं" म्हणायला थोरलं माणूस लागतं, तेव्हा काकांना वर यावंच लागेल, टोपी घालून.

आजोबा जाताहेत. किती वर्षं काढतील माहीत नाही, आणि आपण तिघं मिळूनही ते थांबवू शकत नाही. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय.

पण काकू, आता झोप. चौदा नंबर: तू सत्तर, मी पासष्ट. पाचाचा फरक आहे. तुमच्या प्लॉटवर कितीतरी दिवसांनी.

झाडाच्या दुसऱ्या बाजूने,
तुमची टकळी